वाकवलेलं बोट

अर्जुनरावांच्या वाडीत कोवळ्या लवकीकडे, म्हणजे दुधी भोपळ्याकडे, कुणी सरळ बोट दाखवत नाही. दाखवायचंच झालं, तर बोट मधल्या पेरात वाकवायचं आणि मुठीआडून दाखवायचं. करिष्मा लग्न होऊन सोनाळ्याला आली त्याच आठवड्यात तिच्या हातून ही चूक झाली होती. सासऱ्यांच्या त्या भाजीपाल्याच्या वाडीत ती पहिल्यांदाच आली होती. मांडवाखाली उभी राहून वर पाहिलं, तर अंगठ्याएवढ्या लवक्या लोंबत होत्या. अंगभर पांढरी लव, टोकाला वाळलेलं फूल अजून चिकटलेलं. तिनं कौतुकानं बोट उचललं आणि सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, ते हवेतच धरून वाकवलं. दोन-चार दिवसांत ती लवकी बुडातून पिवळी पडली आणि गळाली. फळमाशीनं डंख मारलेला करिष्मालाही दिसत होता. तिच्या माहेरी, देऊळगाव राजाकडे, भाजीपाल्याचंच काम. पण सासूबाई गळालेली लवकी हातात घेऊन नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि तेव्हापासून करिष्माचं बोट आपोआप वाकायला लागलं.

पुढं तिच्या लक्षात आलं, हा नियम मांडवापुरता नाही. जे अजून नीट धरलेलं नाही, त्याचं नाव या घरात कुणी घेत नाही. प्रज्वल पोटात होता तेव्हा पाचवा महिना लागेपर्यंत शेजारच्या रुखमाबाईंनासुद्धा पत्ता नव्हता. नवऱ्यानं, जीवननं, वरवट बकालला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते गावाला कळलं शटरला रंग लागल्यावर. आणि नणंद योगिनी नागपूरच्या क्लबात फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे, हे तर गावात अजूनही कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कुणी विचारलं तर सत्यभामाबाई म्हणायच्या, शिकायले हाय नागपुरात.

योगिनीच्या हाताला झेल लागला तो मात्र याच वाडीत. तोडणीच्या दिवशी अर्जुनराव मांडवाखालून विळ्यानं देठ कापत पुढं सरकायचे आणि एकेक लवकी बांधाकडे फेकायचे. बांधावर परकर खोचून लहानगी योगिनी. लवकीला नख लागलं, जरा खरचटलं, तरी बाजारात पोचेपर्यंत काळा डाग पडतो आणि गिऱ्हाईक तोंड फिरवून पुढं जातं. म्हणून झेलताना हात पुढं न्यायचे नाहीत. लवकी येईल तसे हात मागं घ्यायचे, गुडघ्यात वाकायचं आणि तिला छातीशी अलगद उतरवायचं, झोपलेलं लेकरू घेतल्यासारखं. खामगावला वसतिगृहात शिकायला गेली, तेव्हा खेळाच्या बाईंनी सहज म्हणून तिला गोलात उभं केलं. चेंडू तिच्या हातून निसटेचना. बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? ही म्हणाली, वाडीत.

करिष्मा आणि योगिनीच्या वयात फार अंतर नव्हतं. घरात, मोठ्यांसमोर, दोघी एकमेकींना रीतीनं तुम्ही म्हणायच्या. योगूताई तुम्ही बसा, वहिनी तुम्ही राहू द्या. बांधापलीकडे गेलं की तू आणि तुझं. योगिनी सुट्टीत आली की दोघी वाडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, खुडायच्या निमित्तानं जायच्या आणि टोपली भरायला अर्धा दिवस लावायच्या. करिष्माला फुटबॉलातलं जे काही कळत होतं ते तिथलं. कॉर्नर म्हणजे काय, बरोबरीला गुण किती, हे योगिनीनं तिला वांगी मांडून शिकवलं होतं.

मार्च सरत आला होता. लवकीच्या मांडवाला भर आला होता, आणि तिकडे लीगचा एकच सामना उरला होता. येत्या रविवारी, चंद्रपूरच्या संघाशी. शेवटचे दोन संघ खालच्या गटात ढकलले जाणार होते आणि योगिनीचा संघ अगदी काठावर होता. जिंकायलाच पाहिजे असं नव्हतं. बरोबरी झाली तरी वाचत होते. हरले तर मात्र खाली. आणि क्लबवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की खाली गेलात तर मुलींचा संघ बंद. राहणं बंद, जेवण बंद, सराव बंद. ज्या त्या पोरीनं आपलं सामान उचलून आपल्या गावी जावं.

घरात यावर कुणी बोलत नव्हतं. पण सत्यभामाबाई देवापुढं जास्त वेळ बसत होत्या आणि अर्जुनराव जेवताना दोनदा पाणी मागत होते.

बुधवारी दुपारी करिष्मा विहिरीजवळच्या कडूनिंबाखाली प्रज्वलला पाजत बसली होती. वाडीत मोबाईलला रेंज मिळते ती तेवढ्याच जागेवर. योगिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं आधी विचारलं, एकटी आहेस का. मग कॅमेरा खाली नेला. उजवा गुडघा इतका सुजला होता की वाटी कुठली आणि मांडी कुठली ते कळत नव्हतं.

मागच्या सामन्यात उडी मारून उतरताना पाय वळला होता. मॅडमना, म्हणजे संघाच्या कोचना, तिनं थोडं लचकलंय म्हणून सांगितलं आणि खोलीतल्या डिंपलला घेऊन गुपचूप बाहेरच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, आतली एक दोरी अर्धी फाटली आहे. दीड महिना मैदानाचं नाव काढू नको, आपोआप जुळेल. पण पुन्हा त्याच पायावर पडलीस तर पूर्ण तुटेल. मग ऑपरेशन, आणि त्यानंतर गोलात उभी राहशील की नाही, हे मी सांगू शकत नाही.

मग मॅडमना सांग ना, असं करिष्मा म्हणाली. योगिनीनं मान हलवली. संघात दुसरी गोलकीपर होती राखी, सतरा वर्षांची, यंदाच आलेली. एकही सामना ती पूर्ण खेळलेली नव्हती.

"नव्वद मिनिटं तं हाय वहिनी. पट्टा बांधीन, गोळी घेईन. मंग दीड काय, तीन महिने झोपून राहीन."

करिष्मानं नजर पडद्यावरून बाजूला नेली. योगिनीनं ते ओळखलं.

"प्रज्वलच्या डोक्यावर हात ठेव. शपथ घे, कोणाले सांगनार नाही म्हनून."

हात तर आधीच तिथं होता. पाजताना ती त्याच्या टाळूवर हलकेच थापटत होती. उचलायला हवा होता, इतकंच. पण पडद्यावरचा तो चेहरा, घामानं चिकटलेले केस, रडू नये म्हणून दातांत धरलेला ओठ, हे बघता बघता हात जिथं होता तिथंच राहिला आणि तोंडातून शब्द गेला, शपथ. कॉल बंद झाल्यावर तिनं प्रज्वलकडे पाहिलं. तो पोट भरून झोपला होता. तिला वाटलं, आपण या लेकराला कुठंतरी गहाण ठेवून आलो.

त्यानंतरचे दिवस तिचे सरता सरेनात. भाकरी थापताना गुडघा, कपडे धुताना गुडघा. कुणाला सांगायचं झालं तर जीवनला, पण तो दुकानातून यायचा तोच बहिणीच्या सामन्याचं घेऊन; चंद्रपूरवाल्या कुठून गोल मारतात, कुठं कच्च्या आहेत, हे त्यानं कुठले कुठले जुने व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. सासूबाईंनी एकदा विचारलंच, "काऊन वं, तोंड उतरलं तुयं?" तिनं सांगितलं, प्रज्वलला दात येतायत, रात्री झोपू देत नाही.

शुक्रवारी वारं सुटलं. वाडीत जाऊन पाहिलं तर मांडवाचा एक बांबू कलला होता आणि त्याला लागून चढलेला एक वेल बुंध्याशी अर्धा चिरला होता. त्याच वेलाला एक लवकी होती, हातभर, बाजारात उठून दिसेल अशी. अजून दोन दिवस भरली असती. सासूबाई म्हणाल्या, राहू द्या, सोमवारच्या बाजारापर्यंत तग धरंन. अर्जुनरावांनी विळा लावला, लवकी कापून सासूबाईंच्या हातात दिली, आणि करिष्माला म्हणाले, वेल धर. तिनं चिरलेला वेल दोन्ही हातांनी जुळवून धरला. त्यांनी वर ओल्या मातीचा लेप दिला, जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली, सुतळी बांधली. बराच वेळ ते दोघं तसे समोरासमोर बसलेले होते. त्यांच्या भुवयांवर माती उडाली होती. आता सांगावं, असं तिला वाटलं. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात निंबाच्या झोळीतून प्रज्वल रडला. ती धावत गेली, त्याला उचललं, तर अंग तापलेलं. दाताचाच ताप, तिला माहीत होतं. हिरडी फुगलेली कालपासून दिसत होती. तरी तिनं त्याला छातीशी घट्ट धरलं. नुसतं सांगावंसं वाटलं तर हे, सांगितलं तर काय होईल? ती त्याला घेऊन घरी आली आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. त्या रात्री जेवणात लवकीची भाजी होती. तिनं ती ताटाच्या कडेला सारली.

रविवारी त्यांच्या भागाला दुपारची लाईन, म्हणजे शेतीची वीज, होती; लाईन आली की मोटर सुरू करून वाडीला पाणी द्यायचं, सामना असो की लग्न असो. जीवननं दुकान बंद ठेवलं होतं. त्यानं कडूनिंबाखाली, रेंजच्या जागेवर, भाजीचा क्रेट पालथा घालून त्यावर सामना लावलेला फोन उभा केला. सत्यभामाबाई समोर चवळीच्या शेंगा निवडत बसल्या. करिष्मा प्रज्वलला कडेवर घेऊन उभी. अर्जुनराव फावडं घेऊन दांडाच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, कडेनं फिरत होते. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं मोकळं करायचं. ते फोनकडे बघत नव्हते. बघणंही त्यांना बोट दाखवण्यासारखंच वाटत असावं. अधूनमधून लांबूनच विचारायचे, काय झालं? जीवन म्हणायचा, काई नाही, बरोबरीत हाय.

कॅमेरा उंचावर होता. पोरी चवळीच्या दाण्यांएवढ्या दिसत होत्या. पण योगिनीचा शर्ट पिवळा होता, त्यामुळं ती कुठंही ओळखू यायची. आणि करिष्माला जे दिसत होतं ते तिथं दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. गोलसमोरून चेंडू लांब मारायचा तो योगिनी मारत नव्हती, पुढची एक पोरगी येऊन मारत होती. चेंडू दूर गेला की योगिनी सगळा भार डाव्या पायावर घ्यायची, शेतातल्या बगळ्यासारखी.

हाफटाइम जवळ आली तशी चंद्रपूरची एक उंच पोरगी उजवीकडून आत घुसली आणि तिनं खालून, कोपऱ्यात मारलं. योगिनी झेपावली. बोटांच्या टोकानं चेंडू खांबाबाहेर गेला. नागपूरच्या पोरी तिच्याकडे धावल्या, सामन्याचं वर्णन बोलणारा पोरगा हिंदीत ओरडायला लागला, आणि जीवननं मांडीवर थाप मारली.

"पाह्यलं का आई? वाघीन हाय आपली."

"नाव नोको घेऊ," सत्यभामाबाई पुटपुटल्या, पण त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

करिष्मा पडद्याकडे बघत होती. सगळ्या पोरी परत आपापल्या जागी गेल्या तरी पिवळा शर्ट अजून खालीच होता. मग तिनं खांब धरला. खांबाला धरून धरून वर आली. उजव्या पायाची नुसती बोटं जमिनीला टेकलेली. लगेच शिट्टी वाजली, हाफटाइम झाली आणि पडद्यावर रिकामं मैदान आलं.

प्रज्वल तिच्या खांद्यावर तोंड घासत होता. त्याचा ताप कालच उतरला होता. तिनं त्याच्या टाळूचा वास घेतला, मग त्याला अंगावरून सोडवलं आणि सासूबाईंच्या मांडीवर दिलं. तो कडेवर असताना तिच्यानं ते बोलवलं नसतं. ती पदर खोचून सरळ दांडाकडे गेली.

अर्जुनरावांना आधी वाटलं, कुठं पाणी फुटलंय म्हणून ही पळत आली.

"मामाजी, योगूताईंचा गुडघा अर्धा फाटलाय," ती म्हणाली. "त्या लपवून खेळायल्या. पुन्हा पडल्या तर पाय जाईल, असं डॉक्टरनं सांगितलंय."

आणि बोलता बोलता तिचा हात उठला, फोनच्या दिशेनं, बोट सरळ. तिच्या ते लक्षातही आलं नाही. सत्यभामाबाईंच्या आलं. पण या वेळी त्या उठल्या नाहीत.

"तुले कोनं सांगतलं?"

"त्यांनीच. बुधवारी. प्रज्वलची शपथ घातली होती."

अर्जुनरावांनी एकदा नातवाकडे पाहिलं. मग चालत निंबाखाली आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा फोनकडे पाहिलं. तिथं रिकामं मैदान आणि कुठल्याशा पाइपाची जाहिरात. जीवन उभा राहिला होता. त्याचा आवाज चढला. बुधवारपासून माहीत होतं आणि आता सांगतेस? आता काढलं तर त्या कोवळ्या पोरीला कोण गोल मारणार नाही? पंचेचाळीस मिनिटांचा प्रश्न आहे, तिनं एवढं सोसलं, अजून जरा सोसेल. संघ बुडाला तर ती जन्मभर तोंड दाखवणार नाही आपल्याला. तो बोलत होता ते सगळं खरं होतं, आणि म्हणून करिष्माला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

अर्जुनरावांनी बंडीच्या खिशातून आपला बटनांचा फोन काढला. मॅडमचा नंबर त्यात होता. योगिनीला नागपूरला पाठवताना त्यांनी स्वतः मागून घेतला होता. पण चष्मा घरी राहिला होता. फोन हातात उलटासुलटा करत ते उभे राहिले. शेवटी जीवननंच तो त्यांच्या हातातून घेतला, नंबर लावला आणि परत दिला. बराच वेळ घंटी वाजली.

"मी योगिनीचा बाप बोलून राह्यलो, सोनाळ्याहून," ते म्हणाले. "तिचा गुडघा फाटेल हाय. तुम्हाले सांगतलं नाही तिनं. तिले बाहीर काढा." मग ते ऐकत राहिले. पलीकडून काय काय सांगितलं जात होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "समजते मले. बंद झाला तं झाला. काढा."

फोन ठेवून त्यांनी करिष्माला विचारलं, "खरं हाय ना हे?"

"हो, मामाजी."

"शपथ?"

"शपथ तर मोडली ना मी," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

इतक्या वेळात बुजवायची सरी बुजवली नव्हती. पाणी बांध फोडून सांभाराच्या वाफ्यात शिरलं होतं.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा पिवळ्या शर्टात दुसरीच पोरगी होती, लहानखुरी, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. योगिनी बाकावर होती. कॅमेरा तिकडं जातच नव्हता. अर्जुनराव या वेळी लांब गेले नाहीत. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून तिथंच उभे राहिले. राखीनं एक चेंडू अडवला, मग आणखी एक. चंद्रपूरचा एक फटका आडव्या दांड्याला लागून परत आला तेव्हा सत्यभामाबाईंनी देवाचं नाव घेतलं. करिष्मा मनात एकच म्हणत होती, एवढं निभू दे. एवढं निभलं तर दोन्ही राहतं.

निभलं नाही. अगदी शेवटी शेवटी, बोलणारा पोरगा आता किती मिनिटं उरली ते मोजायला लागला तेव्हा, एक साधाच चेंडू आला. एक टप्पा पडून छातीएवढा उठला. राखीनं हात पुढं नेले. चेंडू तिच्या तळव्यांवर आदळून समोर उडाला आणि तिथं उभ्या असलेल्या पोरीनं तो नुसता आत ढकलला. वाडीतल्या चौघांनाही त्याच क्षणी कळलं होतं की हात मागं घ्यायला हवे होते.

शिट्टी वाजल्यावर पोरी जिथं होत्या तिथं बसल्या. मग पडद्याच्या कडेनं एक आकृती लंगडत आत आली, सरळ गोलपर्यंत गेली, आणि तोंड झाकून पडलेल्या त्या लहानखुरीला तिनं उठवून बसवलं. एवढंच दिसलं. जीवननं फोन उचलून खिशात घातला.

त्या संध्याकाळी करिष्मा दर थोड्या वेळानं प्रज्वलच्या कपाळाला हात लावत होती. सासूबाईंनी ते पाहिलं. चुलीपुढं बसून त्यांनी मीठ-मिरच्या त्याच्यावरून उतरवल्या, विस्तवात टाकल्या. मग म्हणाल्या, शपथेचं एवढं मनाला लावून घेऊ नको. मी तं योगीच्या डोक्यावर हात ठेवून पाच खेपा तंबाखू सोडली. आणि कनवटीची पिशवी काढून दाखवली, हसत. हसता हसताच त्या थांबल्या. पिशवी हातात तशीच राहिली. योगिनीचा गुडघा त्यांच्याही मनात आला असावा. थोड्या वेळानं त्यांनी ती पिशवी विस्तवात टाकली आणि धुरानं दोघींनाही खोकला आला.

योगिनीनं करिष्माला फोन केला नाही. जीवनला एवढाच निरोप आला की घ्यायला ये. तो शेगावच्या स्टेशनवर जाऊन तिला आणि तिच्या दोन बॅगा घेऊन आला. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं होतं. दोरी आणखी फाटली नव्हती. अजून एकदा पडली असती तर राहिली नसती, असं ते म्हणाले. हे योगिनीनं आईला सांगितलं. करिष्मा तिथंच पाट मांडत होती.

घरात आल्यापासून योगिनी प्रज्वलशी खेळायची, बापाशी बोलायची, भावाशी भांडायची. करिष्माशी रीतीनं. वहिनी, तुम्ही राहू द्या. वहिनी, तुमचा फोन वाजतोय. दोघी एकट्या असल्या, अगदी मोरीत एक भांडी घासतेय आणि एक विसळतेय असं असलं, तरी तुम्हीच. भांडली असती, चार शब्द टाकून बोलली असती, तर करिष्माला बरं वाटलं असतं. एकदा ती न राहवून म्हणाली, योगू, मी काय करू सांग. योगिनी भांडं विसळत म्हणाली, तुम्ही काय करनार वहिनी, तुम्ही केलं ते.

क्लबनं खरंच मुलींचा संघ बंद केला. डिंपल तिच्या गावी गेली, राखी तिच्या. एप्रिलात मॅडमचा अर्जुनरावांना फोन आला. पावसाळ्यात दुसऱ्या एका क्लबची निवड आहे, गुडघा जुळला तर पाठवून बघा. त्यांनी हे जेवताना एकदाच सांगितलं, ताटातून मान न उचलता. कुणी पुढं काही विचारलं नाही. योगिनीनं फक्त भाकरीचा तुकडा मोडता मोडता ठेवला आणि पुन्हा उचलला.

त्या आठवड्यात लवकी तोडायला आली. चिंधी बांधलेला वेलही जगला होता. त्याला वर, मांडवाच्या काठीआड, एक अंगठ्याएवढी लवकी लागली होती, आणि घरातल्या सगळ्यांनी ती पाहून न पाहिल्यासारखी केली होती. जीवन दुकानात. सत्यभामाबाईंनी प्रज्वलला घेतलं. योगिनी गुडघ्याला पट्टा बांधून बांधावर पालथ्या बादलीवर बसली, पाय लांब करून. आता झेलायला कोण, असं अर्जुनराव मांडवाखालून इकडंतिकडं बघत राहिले. मग करिष्मा पुढं झाली.

पहिली लवकी तिनं झेलली ती पोटात बसली. दुसरीला नख लागलं. हिरव्या सालीवर पांढरी रेघ उठली, बाजारापर्यंत काळी होणारी. तिसरी हातातून निसटून ढेकळांवर पडली आणि तडकली. अर्जुनरावांनी चौथीचा देठ कापला आणि हातात तोलत थांबले. करिष्मानं मागं वळून पाहिलं नाही. तिचे हात पुढं होते, त्या लहानखुऱ्या पोरीचे होते तसे.

"गुडघ्यात वाक न वं," मागून योगिनी म्हणाली, बापाच्या देखत. "तुये तं धड हायेत ना दोन्ही."

करिष्मा वाकली. तिनं हात मागं घेतले. लवकी फिरत फिरत आली, छातीवर आदळली, आणि तिथंच राहिली.